बालीगंजची चिमट्यांची गुढी

बँकेतल्या नवऱ्याच्या बदलीबरोबर मी कोलकात्यात आले ती संसार करायला नव्हे, उभी भारतीय संस्कृती सांभाळायला. कुणी सांगितलं नव्हतं. पण वय कोवळं आणि खिशात इतिहासाची पदवी; तेवढं पुरतं.

बालीगंजला माझ्याशी बोलणारं माणूस एकच, शेजारच्या माशीमा, म्हणजे बंगाली मावशी. त्यांची गॅलरी आमच्या गॅलरीला चिकटलेली. मला 'बौमा', म्हणजे सूनबाई, म्हणायच्या आणि माझ्या वतीने भाजीवाल्याशी भांडायच्या. बदल्यात मी त्यांना परंपरेवर व्याख्यानं द्यायचे. पाडव्याला कडुनिंबाचं महत्त्व समजावलं. "हो गं, आम्ही वांग्याबरोबर तळून खातो," त्या म्हणाल्या. मी ऐकलंच नाही. माझं अजून संपायचं होतं.

मग गुढी उभारली. लग्नातली रेशमी साडी, सासूबाईंनी पार्सलने धाडलेली साखरेची गाठी, वर उपडा तांब्या. आणि श्रीखंड-पुरी रेटून संस्कृतिरक्षक बाई घोरू लागल्या.

बेल वाजली तेव्हा आभाळ काळंकुट्ट, गॅलरीत नुसती काठी. दारात माशीमा. हातात साडीची नीट घडी, वर तांब्या.

"बौमा, वादळ येतंय! असली भारी साडी वाळत घालून कुणी झोपतं?"

"आणि गाठी?"

"ती मिठाई? भिजली असती. खाल्ली आम्ही."

"माशीमा, तो आमचा विजयध्वज होता! पूजा करून उतरवायचा असतो!" मी दार लावून घेतलं.

बाहेरून आवाज आला, "बरं. पण भिजवायचा असतो का गं?"

तेवढ्यात वादळ आलंच. समोरच्या इमारतीतल्या चादरी उडून ट्रामच्या तारांवर जाऊन बसल्या. माझी साडी कोरडी, आणि मी रुसलेली. पुढे काही दिवस मी तोंड फिरवून राहिले. एवढ्या मोठ्या शहरात मला हाक मारणारं कुणी उरलं नाही. भाजीवाल्याने तर सडकी वांगी बिनधास्त गळ्यात मारली. शेवटी श्रीखंडाची वाटी घेऊन मीच त्यांच्या दारात उभी राहिले.

"ये, चहा टाकलाय," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या पाडव्याला मी गुढी बांधत असताना पलीकडच्या गॅलरीतून कपड्यांचे चिमटे पुढे आले. मी ते गुढीच्या साडीला लावले. तेव्हापासून आमच्या गुढीला चिमटे असतात. आता माझ्या नातीला ती शास्त्रातलीच रीत वाटते. यंदा तिने चिमट्यांनाही हळदकुंकू वाहिलं आणि मैत्रिणींना त्यामागचा अर्थ समजावून सांगितला. मी मान डोलावत बसले.