औशाच्या शेतात उत्तर मागायला गेलो

रविवारी कीर्तीला बघायला पाहुणे येणार, हे बिलोलीत कानावर आलं आणि माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच बॅग भरून निघालो. कॉलेजात आम्ही सोबत होतो. मी मधेच सोडलं, ती शिकत राहिली. ओझं वाहताना बायांच्या कमरेवर, गुडघ्यांवर किती ताण येतो, याचं ती संशोधन करते. सध्या औशाजवळच्या एका गावात आहे. पाहुण्यांच्या आधी मला तिच्याकडून हो किंवा नाही ऐकायचं होतं.

तुम्ही जाणार असाल तर नांदेडहून लातूरची सकाळची एसटी पकडा. लोह्यापुढं ऊन खिडकीतून थेट मांडीवर येतं. अहमदपूरला भजी गरम मिळतात, चहा नुसता साखरेचा. तिथं जागेवरून एकाशी भांडलो.

"ओ हिरो, भांडायचं तर खाली उतरा. गाडी लेट व्हायलीय," कंडक्टर म्हणाला.

लातूरला बस बदलून औसा, पुढं शेअर रिक्षा. पोचेपर्यंत अंग आंबून गेलं.

शेतात बायांच्या गुडघ्यांना, कमरेला पट्ट्यांनी काडेपेटीएवढी यंत्रं बांधली होती. कीर्तीच्या मॅडम कॅमेऱ्यामागं. "मावशी, चालून दाखवा," म्हटलं की डोक्यावर वैरणीचा भारा असतानाही बाई पदर सारखा करायची, नजर खाली, पावलं नाजूक. कुणाचं काही दुखतच नव्हतं जणू. मॅडम वैतागल्या.

"अशा का चालायलाव, सुमनमावशी?" कीर्तीनं विचारलं.

"चालून दाखव म्हणलं की असंच चालायचं असतंय की गं. मला बघायला आलते तवा ह्या गुडघ्याला मार लागलेला. कळू दिलं न्हाई."

बाया खो खो हसल्या. कीर्ती हसली नाही.

"मग दाखवू नका. भारा तेवढा गोठ्यात टाकून या."

सुमनमावशी निघाली, उघड उघड लंगडत. मॅडमनी मान डोलावली.

बांधावर मी विषय काढला. "आजच चल माझ्यासोबत."

"आन काम?"

"काम, काम! एवढ्या लांबून आलोय मी!"

"ओरडू नको. रविवारी मी कुणाला चालून दाखवणार न्हाई. आन तुझ्या मागंबी येणार न्हाई."

मावशीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "पी बाबा. लई दमलास."

परतीची बस रिकामी होती, तरी झोप लागली नाही. औशाचा किल्ला बघण्यासारखा आहे म्हणतात. तुम्ही बघा, माझ्यात त्राण नव्हतं.

सोमवारी मित्राचा फोन आला. कीर्तीनं पाहुण्यांना येऊच नका म्हणून कळवलं होतं.

"आता तुझा चान्स हाय, भावा!"

त्यांना नकार म्हणजे मला होकार, असं क्षणभर वाटलंही. बॅग अजून भरलेलीच होती. मी त्यातले कपडे काढून धुवायला टाकले.