साहेबांसाठी साफ केलेलं गवत

स्वारगेटवरून बारामतीची एसटी हलली तेव्हा माझ्या मांडीवर एक फाइल होती आणि शेजारच्या काकूंच्या मांडीवर लेकीसाठी घेतलेला नवा मिक्सर. मिक्सरचं पुढे काय होणार हे काकूंना पक्कं माहीत होतं. फाइलचं काय होणार हे मला माहीत नव्हतं.

मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. आमचं निसर्ग मंडळ म्हणजे पाच निवृत्त माणसं आणि एक लेटरहेड. त्या लेटरहेडवर दोन मागण्यांचा अर्ज होता. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या एका गावाची बंद झालेली सकाळची एसटी पुन्हा सुरू करावी, आणि त्याच गावच्या गायरानातलं (गुरांना चरायला राखलेली सामाईक जमीन) गवत जपायला सरकारने निधी द्यावा. गावाचं नाव सांगत नाही. पुढचं वाचलंत की कारण कळेल.

एसटी मागायला जाणाऱ्याने एसटीनेच जावं, असा तत्त्वाचा मुद्दा मी मंडळाच्या बैठकीत मांडला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला एकटीला पाठवलं.

चौफुल्यावरून गाडी सुप्याकडे वळली. खिडकीतून मी स्वागत कमानी मोजत होते. एसटीला पैसा नाही, गवताला पैसा नाही, कमानीला मात्र कुठून तरी मिळतोच. सुप्याच्या पुढे माळावर चार चिंकारा दिसले. रस्त्याकडे पाठ करून चरत होते. मी काकूंना दाखवले. त्या म्हणाल्या, ‘‘हरणं व्हय? ती रोजच असत्यात,’’ आणि मिक्सर या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. रोज असतात हे आपल्याकडे कौतुक न करण्याचं सर्वांत मोठं कारण आहे.

रात्री बारामतीजवळ जळोचीला एका जुन्या विद्यार्थिनीकडे राहिले. ‘‘बाई, सकाळी कारनं सोडू का?’’ असं तिने तीनदा विचारलं. कंबर हो म्हणत होती, तत्त्व नाही म्हणालं.

सकाळी सात वाजता बारामतीहून गाडी निघाली. आमच्या अर्जावरून आगाराने ठेवलेली ही चाचणीची फेरी. सोबत आगारातले एक साहेब होते, शांत, चष्म्याचे, हातात एक तक्ता. मी विचारलं, ‘‘कशावर ठरणार?’’

‘‘परतीच्या फेरीला गाडी भरली तर चालू ठेवू. रिकामी आली तर माझ्या हातात काही नाही, मॅडम.’’

उसाच्या मळ्यांमधून अर्ध्या तासात गाव आलं. गाडी थांबायच्या आतच खिडक्यांमधून टॉवेल, टोप्या, पिशव्या, एक छत्री अशा वस्तू आत पडल्या. जागा धरण्याची ही आपली राष्ट्रीय पद्धत. दोन मिनिटांत एकही सीट मोकळी राहिली नाही, आणि माणूस म्हणाल तर गाडीत एकही नव्हता. जागा धरून सगळं गाव सत्काराच्या मांडवाकडे निघून गेलं होतं.

मांडव गायरानात होता. दिवाळीनंतर मी तिथे आले होते तेव्हा पवन्या आणि कुसळी ही गवतं कमरेएवढी उभी होती. घरी जाऊन पातळातली कुसळं काढायला मला दोन दिवस लागले. आता मांडवाच्या चारी बाजूंना नांगरट झाल्यासारखी उघडी माती होती. काडी शिल्लक नव्हती.

सरपंच हात जोडून पुढे आले. ‘‘बाई, गवत बगायला वनखात्याचं सायेब येनार म्हनलासा. मग म्हनलं जरा स्वच्छता करावी. जेसीबी लावला दोन दिस. कुसळाचं नावसुदिक ठिवलं न्हाय.’’

त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ अभिमान होता की मला रागवताही येईना. शेजारी वनखात्याचे साहेब उभे होते. ते मातीकडे बघत होते, मग माझ्या फाइलकडे, मग पुन्हा मातीकडे.

तेवढ्यात तात्यांनी मला बाजूला ओढलं. तात्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. आता आठ शेळ्या आहेत आणि त्या याच गायरानावर चरतात. अर्जावर पहिला अंगठा त्यांचाच. ‘‘रडू नगा, माडगं प्या,’’ म्हणत त्यांनी घरी नेलं. हुलग्याच्या पिठाचं ते पातळ, लसूण घातलेलं माडगं घशाखाली उतरल्यावर जरा माणसात आले.

‘‘अडवलं का नाही, तात्या?’’

‘‘अडवलं की. म्हनले, तात्या, पाव्हनं येनार, घान कशी दाखवायची?’’

त्यांची नात कविता दारात चपला घालत होती. बारामतीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या दिवशी साडेदहाला तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती. रोजची जीप आठला जाते. आज एसटी येणार म्हणून तिने ती सोडली होती. ‘‘नऊला सुटंल ना, बाई?’’ तिने विचारलं. मी छातीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘नऊच्या ठोक्याला.’’

नऊच्या ठोक्याला नारळ फुटला. मग गाडीला हार, चालकाला फेटा, आगारातल्या साहेबांना शाल, वनखात्याच्या साहेबांना शाल, मला शाल. मग प्रास्ताविक. चालक सत्कार उरकून आपल्या जागेवर जाऊन फेट्यासकट डुलक्या घेऊ लागला. मी पाहुण्यांच्या खुर्चीतून पोट बिघडल्याचं निमित्त करून उठले आणि गाडीत शिरले.

आत कविता बसली होती, पांढरा एप्रन घडी करून मांडीवर, चारी बाजूंना टॉवेल. तिच्या शेजारी तात्या. ती रडत नव्हती. घड्याळ बघत होती, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. साडेनऊ झाले. माइकवरून आवाज आला, ‘‘आता चार शब्द बोलण्यासाठी...’’ आमच्याकडचे चार शब्द कधी चारावर थांबलेत?

वाहक मांडवात शालीची वाट बघत बसला होता. मी त्याला खिडकीतून हात केला. त्याने मला नमस्कार केला.

पावणेदहा झाले. तात्या हळूच उठले, डोक्यावरून गेलेली घंटीची दोरी त्यांनी चाचपली आणि मला विचारलं, ‘‘थांबायला येकदा, निगायला दोनदा. व्हय ना?’’

पस्तीस वर्षं मी पोरांना शिस्त शिकवली. ‘‘दोनदा,’’ मी म्हणाले.

त्यांनी दोनदा ओढली. चालकाचे डोळे उघडायच्या आधी त्याचा हात स्टार्टरवर, मग गिअरवर गेला. इतक्या वर्षांची सवय. डबल बेल म्हणजे निघायचं. गाडी हलली. हाराची झेंडूची फुलं काचेवरून गळायला लागली.

मांडवात भाषण चालूच होतं. मग कुणीतरी ओरडलं, ‘‘आरं, माझा टावेल.’’

आख्खा मांडव उठला. धोतरं, पायजमे, नऊवारी, शाल पांघरलेले आगारातले साहेब, सगळे धावत सुटले. वाहक सगळ्यांत पुढे. माइकवर सरपंच एकटे उरले, तेही थोडा वेळच. माणूस सत्कार सोडेल, भाषण सोडेल, पण धरलेली जागा सोडणार नाही. पुढच्या वळणावर चालकाने गाडी उभी केली तेव्हा दारात रेटारेटी होती. सगळे चढले. काही जणांना बारामतीत काम होतं, काहींना टॉवेलजवळ बसल्यावर काम आठवलं. आगारातल्या साहेबांना जागा मिळाली नाही. एका हातात नारळ, दुसऱ्या हाताने वरचा दांडा धरून ते उभे होते आणि तक्ता त्यांनी दातात धरला होता. वाहकाने प्रत्येकाला तिकीट फाडलं, सरपंचांनाही.

‘‘भरली का, साहेब?’’ मी विचारलं.

दातातला तक्ता वर-खाली हलला.

साडेदहाला पाच मिनिटं असताना कविता स्टँडवर उतरली आणि एप्रन घालतच पळाली. तात्या दारात उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मी पुण्याच्या गाडीत बसले ती शालीत तोंड लपवून हसत, आणि खरं सांगायचं तर थोडं रडतही.

एसटी सुरू झाली. कविता पास झाली. गवताच्या मागणीवर मात्र शेरा आला: ‘पाहणीच्या वेळी जागेवर गवत आढळले नाही.’ इतकं खरं वाक्य मी सरकारी कागदावर कधी वाचलं नव्हतं. ज्याच्यासाठी पैसा मागायचा ते आधी सत्कारापायी खरवडून टाकायचं, हे आमच्या पुण्यातही चालतं. फक्त तिथे जेसीबी मोठा असतो.

पाऊस होऊन गेल्यावर परवा तात्यांचा फोन आला. मागे शेळ्या ओरडत होत्या.

‘‘बाई, मुळं हुती. गवत गुडघ्याला आलंय. सायेबांस्नी घिऊन या.’’

‘‘पण तात्या, गावाला कळलं तर पुन्हा जेसीबी.’’

‘‘त्याची काळजी न्हाय. सरपंच इचारत हुता, गवताचं सायेब परत कवा येनार. मी सांगितलं, त्येंची बदली झाली, आता कोन बी यायचं न्हाय.’’ मग एका शेळीला दटावून म्हणाले, ‘‘तवापासनं तिकडं कुनी फिरकलं न्हाय. लई ब्येस वाढाय लागलंय.’’