काजळी रानातून परतली नाही तेव्हा

सिद्धगडाच्या पायथ्याला असलेल्या ठाकरवाडीत शिकारीची कुत्री तयार करावीत ती भिमीनंच. उदमांजराचं जुनं कातडं दोरीला बांधायचं, करवंदीच्या जाळ्यांतून फरफटत न्यायचं आणि ऐनाच्या उंच झाडावर टांगायचं. पिल्लू वास काढत त्याच झाडाखाली येऊन भुंकलं की त्याला नाचणीच्या भाकरीचा तुकडा. पण कुत्री रानात न्यायची ती पुरुषांनी. बाई सोबत असली तर शिकार हुकते म्हणत. भिमी अंगणात उभी राहून डोंगरातलं भुंकणं ऐकायची. कोणतं कुत्रं पुढे आहे, जनावर झाडावर कधी चढलं, सगळं तिला कळायचं. दिसायचं काहीच नाही.

एकदा माणसं परतली, पण तिची लाडकी काजळी आली नाही.

"हाका मारून घसा बसला," नवरा चांगो म्हणाला. "येल सकाळी."

उन्हं वर आली तरी काजळीचा पत्ता नाही, तेव्हा भिमीनं पदर खोचला.

"तू कुठं चाललीस गो?"

"माझी कुत्री हाय. मीच आणते."

चांगोनं अडवलं नाही.

ओढा ओलांडून बरीच वर गेल्यावर आवाज कानी आला. घोगरा, फाटलेला, पण थांबत नव्हता. उंबराच्या बुंध्याला पुढचे पाय टेकवून काजळी वर बघत होती. बेचक्यात उदमांजर अंग चोरून बसलेलं, शेपटी तेवढी लोंबत होती. भिमी तिथंच खाली बसली. इतकी कुत्री तिच्या हाताखालून गेली, आणि हे ती आज पहिल्यांदा बघत होती. पोटभर बघितलं. मग काजळीला ओंजळीनं पाणी पाजलं, जनावर तसंच सोडलं आणि तिला घेऊन घरी आली.

"हात हलवत आलीस?" चांगोनं विचारलं.

"व्हय," एवढंच ती म्हणाली.

पुढे वनखात्याची माणसं वाडीत येऊन बजावून गेली, शिकार बंद पडली. मटणाचा सोस भिमीला नव्हताच. पण पुन्हा एकदा जायचं मनातच राहिलं. काजळीही म्हातारी होऊन गेली.

परवा चांगो म्हणाला, "किन्हवलीच्या पावण्यांकडं पिल्लं झालीत. एक आणू?"

"नको. मोटारसायकलींवर भुकाया?"

दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. डोंगराकडून कुठलंसं कुत्रं भुंकलं. वानरांच्या मागे लागलंय, हे तिला पहिल्याच भुंकण्यात कळलं. तरी आवाज विरेपर्यंत सूप मांडीवर तसंच राहिलं.