लिंबाखाली वाचलेली पलेगाची कादंबरी

मालकाला कोरोना निघाला, तवा सुनंचं लेकरू दोन महिन्यांचं हुतं. डाक्टर म्हणला, म्हाताऱ्याला येगळं ठिवा. आमचं घर दोन खोल्यांचं. म्या म्हणलं, रानातला कोठा हाय की. बैल इकल्यापसनं मोकळाच हाय.

सून रडाया लागली. "आत्या, लोक म्हणतील म्हाताऱ्याला गोठ्यात टाकलं."

"म्हणू दे. पलेगात अख्खी गावं रानात खोपी घालून ऱ्हायली. म्या वाचलंय."

वाचलंच हुतं. तिसरीपतूर शाळा माझी. पहिल्या बाळंतपणात माहेरी हुते, तवा भावानं पलेगाची जुनी कादंबरी दिल्ती. लई नावाजलेली, म्हणायचा. वरलं पान फाटलेलं, म्हणून नाव ठावं न्हाय. बोट ठिवून, अक्षर जुळवत वाचलेली. ती पेटीतनं काढली आन मालकाच्या मागं रानात गेले.

मालक कोठ्यात, म्या समोर लिंबाखाली. सून बांधावरल्या धोंड्यावर भाकरी ठिवून हाक मारायची. ती लांब गेली की म्या उचलून कोठ्याच्या दारात सरकवायची. बोटाला मशीन लावून मालक आक्सिजनचा आकडा वरडून सांगायचे. आकडा घसरला तर दवाखान्यात न्याया गाडीवाल्याला सांगून ठिवलं हुतं.

चवथ्या दिवशी त्यांनी भाकरी शिवली न्हाय. "बास झालं आता," म्हणले.

म्या पुस्तक उघडलं. मोठ्यानं वाचाया लागले. पान संपलं की थांबायची. "घास खावा, मग फुडचं."

"लेकरू हाय व्हय म्या?" म्हणायचे, पर खायाचे.

दोन दिसांनी त्ये पान आलं. गाव रानात जातंय, राखणीचा म्हातारा मागं ऱ्हातोय आन एकटाच मरतोय. मला ठावं हुतं. म्या दोन पानं एकदम उलटली.

आतनं आवाज आला, "अगं, राखणीचा म्हातारा कुठं गेला?"

"गेला आसंल लेकीकडं."

"त्याला लेक कुठं हुती? चावडीम्होरं मेला त्यो. तुझ्या पेटीतनं काढून म्या कवाच वाचलीय."

इतकी वर्षं संसार केला, ह्या माणसाच्या हातात पुस्तक कवा दिसलं न्हाय!

"नीट वाच," म्हणले. "मधलं गाळू नगंस."

वाचलं. आवाज हलू दिला न्हाय. पहिल्या बारीला हितं म्या लई रडले हुते. ह्या बारीला राग आला. म्हातारा पलेगानं मेला खरं, पर त्याला हाक मारायला कुणी गेलंच न्हवतं. दुसऱ्या कुणी मारली आसंल, आसं समद्यांना वाटलं. तवा बाळंतीण हुते, मला त्ये कळलं न्हवतं.

पान संपलं. आत काय हालचाल न्हाय. म्या उठून दारापतूर गेले.

"अहो!"

म्या दार वाजवलं.

"अहो, आयकतायसा का?"

"खातोय की! तोंडात घास हाय. आन सुनंला सांग, चटणीत मीठ न्हाय."

पंधरवड्यानं मालक आपल्या पायानं घरी आले. धाप लागायची, वाटंत तीनदा बसले. म्या मागं, पुस्तक काखंत.