दुसरी मूठ

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमले नाहीत, त्याबद्दल आधीच माफ करावे. कोणाला म्हणते आहे ते माहीत नाही, कारण ही वही कोणाला दाखवायची नाही. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली. त्यानंतर लिहिणे म्हणजे माहेरी, लामत्याला, वर्षातून एखादे पोस्टकार्ड. पण नणंदेच्या मोठ्या शिक्षणाचे पैसे कसे उभे राहिले आणि कसे फिटले, हे आमच्या घरात प्रत्येक जण वेगळे सांगतो. मी तिथे बोलत नाही. म्हणून जसे झाले तसे लिहून ठेवते.

मी लग्न होऊन बालाघाटला आले ते छप्पन साल. त्याच वर्षी आमच्या वॉर्डातली माणसे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. सासूबाईंनी घरातले देव वैनगंगेत सोडले आणि रिकाम्या कोनाड्यात रॉकेलची चिमणी ठेवली. नणंद तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. मी पाण्याला निघाले की एका हाताने माझा पदर धरून, दुसऱ्या हातातले पुस्तक वाचत यायची. दोनदा ठेच लागून पडली, पण पुस्तक सोडले नाही.

वॉर्डातल्या बायांनी त्या काळात मूठ सुरू केली. भाताला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. पौर्णिमेला सगळ्यांनी मडकी विहारात आणायची. तिथे एक म्हातारी आजी पायलीने तांदूळ मोजून घ्यायची, दुकानदाराला विकायची आणि पैसे डब्यात ठेवायची. कोणाचे बाळंतपण अडले, कोणी दवाखान्यात पडले, तर त्यातून पैसे मिळायचे. परत मात्र तांदळानेच करावे लागायचे. रोजच्या मुठीबरोबर दुसरी मूठ टाकायची, आणि त्या दिवशीच्या भावाने पैसे वळते व्हायचे. नोट घ्यायची नाही, हा आजीचा नियम. ती म्हणायची, "नोट मानसाच्या खिशातून येते. मंग तो हिशेब पुसाले येते. मूठ आपल्या हातची हाय."

नणंद शिकत गेली. वजीफ्यावर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीवर, जबलपूरला राहून एम. एड. झाली आणि बालाघाटला एका खाजगी मुलींच्या शाळेत लागली. मधल्या सुट्टीत मुली तिच्याजवळ येऊन बसत. एखादीचे घरी लग्न ठरवत असत, एखादीला रात्री झोप येत नसे. ती फारसे काही सांगत नसे, ऐकत असे. सत्तर साल उलटल्यावर कधीतरी तिने दिल्लीकडच्या एका विद्यापीठाची माहिती मागवली. मुलांशी असे बोलणारे सल्लागार तयार करायचे, त्यांना शिकवायचे, त्यातली सगळ्यात वरची पदवी, पीएच. डी., तिथे करता येत होती. दरमहा पैसे मिळणारी जागा एकच होती, आणि ती त्याच वर्षी होती.

अर्जाबरोबर स्वतःबद्दल दोन पाने लिहायची होती. तिने ती एका संध्याकाळी लिहिली आणि मला मराठीत सांगितली. मी एका गरीब घरची मुलगी आहे, माझी लायकी नाही, तरी माझ्यावर दया करावी, मी जन्मभर आपली ऋणी राहीन, असे त्यात होते. मला ते चांगले वाटले. आमच्याकडे अर्ज असाच लिहीत. आठवीपासून वॉर्डातले सगळे अर्ज तीच लिहायची. नळाचा, वजीफ्याचा, जमिनीच्या पट्ट्याचा, कोणताही असो, पहिली ओळ तीच. तिचा हात तिथे आपोआप जायचा.

शाळेच्या बडी बहनजींनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, तो कागद वाचला आणि परत दिला. "ये क्या लिखा है तुमने? वजीफा माँग रही हो? उन्होंने पूछा है कि तुमने काम क्या किया है।"

घरी येऊन ती चुलीजवळ बसली. "वयनी, म्या काय काम केलं वो?"

"मले काय पुसते? मी शाळेत येत असतो काय?"

"बसून आइकत राह्यली, हे काय लिवू? हसतीन ते."

"मंग लालबर्र्याच्या पोरीच्या घरी कोन गेलती? तुहा भूत?"

त्या मुलीला बापाने शाळेतून काढले होते. नणंद तिच्या घरी तीन रविवार गेली. शाळेचे नावही काढले नाही, बापाशी बैलाच्या खुराच्या दुखण्याबद्दल बोलत बसली. चौथ्या रविवारी बापच म्हणाला की सोमवारी पाठवतो. नणंदेने ते लिहिले. अशा आणखी दोन मुलींचे लिहिले. विनंतीची ओळ तिने तीन वेळा घातली आणि तीन वेळा खोडली. शेवटच्या कागदात ती नव्हती.

राहिले पैसे. अर्जाची फी, मुलाखतीला जाण्यायेण्याचे भाडे, तिथले राहणे मिळून सव्वाशे रुपये लागत होते. नणंदेचा पगार शाळेने चार महिने थकवला होता. माझे मालक राईस मिलमध्ये तोलाईला होते, आणि सासूबाईंच्या आजारात त्यांनी मिलमधून आधीच उचल घेतली होती. ते म्हणाले, "पुढच्या साली भरू." वाईट मनाने म्हणाले नाहीत. पण पुढच्या साली ती जागा नव्हती.

"मुठीतून माग," नणंद मला म्हणाली.

मागायचे तर मलाच मागावे लागणार होते. आमच्या घरची मूठ मी टाकत होते, आणि जिची मूठ तिनेच मागायचे अशी रीत होती. तोवर पंधरा वर्षे मी पौर्णिमेला मडके ठेवून मागच्या भिंतीशी बसत होते. मी तिथे कधी बोलले नव्हते.

त्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर मी उभी राहिले. घरून एक वाक्य पाठ करून नेले होते, ते आठवेना.

"काय वो, कंबर दुखते काय?" शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या.

"नणंदेले सव्वाशे रुपये पायजेत," मी म्हणाले. "शिक्षनाले."

"अजून शिक्षन? किती शिकते वो ते? मास्तरीन झाली ना?"

"कायचं शिक्षन हाय?"

मी म्हणाले, "लोकाईले सल्ला देनाऱ्याइले शिकवाचं."

"अगं माय!" समोरची एक जण म्हणाली. "माही सासू फुकटात देते सल्ला. तिलेच पाठवा दिल्लीले!"

मग बराच वेळ हशा चालला. आजी हसत नव्हती. तिने विचारले, "दवाखान्याचं काम नाही, बाळंतपन नाही. शिक्षनाले आजवर देल्ले नाही. काहून द्यावं?"

तेव्हा ती शेजारीण, जिने कंबरेची थट्टा केली होती, तीच म्हणाली, "माह्या पोरीले जेवन जात नव्हतं तवा हिची नणंदच येऊन बसे. आठ दिवस बसली. डाक्टरले नसते काय देल्ले आपन?"

आजीने डबा ओढला. "फेडशीन कशी?"

"दोनी वेळा दुसरी मूठ टाकीन."

"तू टाकशीन. थे तं दिल्लीले राहीन."

"हौ. मीच टाकीन."

अर्ज गेला. मुलाखतीला ती एकटी गेली, गोंदियापर्यंत छोट्या गाडीने आणि पुढे मोठ्या. परत आल्यावर तिने फार सांगितले नाही. त्यांनी त्या बैलाबद्दल विचारले, एवढे सांगितले. दीड महिन्याने पत्र आले, जागा तिला मिळाली होती. ती गेली त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त भात टाकला आणि तो उरला.

दिवाळीच्या सुमारास तिची मनिऑर्डर आली, पूर्ण सव्वाशेची. मी नोटा पदरात बांधून आजीकडे गेले. तिने हात लावला नाही.

"थे तिची कमाई हाय, मानसाच्या खिशातली नाही," मी म्हणाले. माझ्या मानाने ते बरेच बोलणे होते.

"असन. पन आज तिच्या घेतल्या, तं उद्या सगळ्याइच्या घरून नोटाच येतीन. मूठ कोन टाकीन?"

मालक संतापले. "सरकारची नोट चालते, अन् म्हातारीले नाही चालत?" मग त्या पैशांचे कवेलू, म्हणजे कौले, आणून त्यांनी छप्पर शाकारले. पुढच्या पावसाळ्यात घर गळले नाही.

मी दुसरी मूठ टाकत राहिले. भात थोडा कमी पडायचा. मालक एकदोनदा ताटाकडे पाहून म्हणाले, "आज कमी काहून?" मी पेज वाढली. दुसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला आणि तांदळाचा भाव चढला. माझी मूठ लहान झाली, तरी पैसे लवकर वळते होऊ लागले. ते मला बरे वाटले नाही. पण हिशेब भावाचा होता आणि भाव माझ्या हातात नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात नणंद सुट्टीला आली. तिचे लिहिण्याचे काम अजून संपलेले नाही. ती होती तितके दिवस दुसरी मूठ तिनेच टाकली. तिची मूठ माझ्यापेक्षा मोठी आहे, हे मला तेव्हा कळले. ती परत गेली आणि पुढच्या पौर्णिमेला मी मडके घेऊन गेले. आजीला आता नीट दिसत नाही. तिने पायली बोटांनी चाचपून भरली, भाव विचारला, तोंडातल्या तोंडात हिशेब केला. मडक्यात थोडे तांदूळ शिल्लक होते. ते तिने मोजले नाहीत.

"फिटले वो सव्वाशे," ती म्हणाली. "हे तुहे."

मी पदर पुढे केला आणि तिने उरलेले तांदूळ त्यात ओतले.