मधल्या फळीतली रिकामी जागा

इंद्रजितच्या हृदयातल्या मधल्या पडद्याची जाडी एकोणीस मिलिमीटर आहे. बारापर्यंत मी काळजी करत नाही. तीनदा मोजली, तिन्ही वेळा एकोणीस. हा अहवाल नऊ दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. रविवारी अंतिम सामना, इंद्रजित कप्तान, आणि धावताना हे हृदय कधीही थांबू शकतं. फुटबॉल संघाच्या सेक्रेटरींना मी सांगितलंय, पुन्हा तपासून कळवते.

दुपारचे पावणेतीन. दवाखान्यात कोणी नाही. पंख्याचा आवाज लांब जातो, आकडे पुसट होतात, आणि तपासणीच्या टेबलावर स्तोयान वेल्चेव पाय सोडून बसलेले दिसतात.

ते हार्ट अटॅकनं गेले त्याला चौदा महिने झाले. बल्गेरियात बारा वर्षं मधल्या फळीत खेळले, गुडघा गेल्यावर प्रशिक्षक झाले, शेवटची चार वर्षं कोल्हापुरात या संघाला शिकवत होते. पोरं त्यांना वस्ताद म्हणायची. त्यांना मराठीचे वीसेक शब्द यायचे. आता ते अस्सल कोल्हापुरी बोलतात, आणि मला पहिली भीती त्याचीच वाटते.

"काय ओ डॉक्टर, जेवलासा न्हवं?"

स्टेथोस्कोप माझ्या कानात आहे. त्यांच्या छातीवर ठेवून मी तीस सेकंद मोजते. काहीच ऐकू येत नाही.

"बघा, आता दुखत न्हाई," ते म्हणतात.

छातीत दुखतंय म्हणाले होते तेव्हा मी अँजिओग्राफी सुचवली होती. हंगाम संपू दे, म्हणाले. मी आग्रह धरला नाही.

टेबल आता बल्गेरियात, प्लोवदिवमधल्या ड्रेसिंग रूममध्ये आहे. खिडकीबाहेर बर्फ आहे. अंतिम सामन्याआधी इथल्या डॉक्टरनं सुजलेल्या गुडघ्यात सुई दिली, सामना जिंकला, पण नंतर कधी धावता आलं नाही, असं ते सांगतात, तिसऱ्याच कुणाची गोष्ट असावी तसं.

"भला मानूस हुता. तुमच्यासारखाच. कुनाला न्हाई म्हनता यायचं न्हाई."

ते माझ्या टेबलावरचा काचेचा जग उचलतात आणि दाराच्या उंबऱ्यावर पाणी ओततात. प्रत्येक सामन्याआधी ते असंच करत. त्यांच्या देशात निघणाऱ्याच्या वाटेवर पाणी सांडतात, काम पाण्यासारखं सरळ वाहावं म्हणून. खेळाडू ते ओलांडून मैदानात जायचे.

पण या दाराबाहेर मैदान नाही. काहीच नाही. उंबऱ्याशी वाकून इंद्रजित बुटाची नाडी बांधतोय.

"वस्ताद, याला कुठं नेताय?"

"मधल्या फळीत एक जागा रिकामी हाय. तुमची सही झाली की न्हेतो."

पेन माझ्याच हातात आहे. खाली फिटनेसचं सर्टिफिकेट. माझा हात माझं नाव लिहायला लागतो. मी तो दुसऱ्या हातानं धरते, तरी लिहीतच राहतो. इंद्रजित नाडी ओढून गाठ मारतो, उभा राहतो.

पेन फरशीवर पडल्याच्या आवाजानं मी जागी होते. तीन वाजून चार मिनिटं. समोरचं सर्टिफिकेट कोरं आहे. जेवणानंतर काठोकाठ भरून ठेवलेला जग रिकामा आहे.

उंबऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याची एक सलग रेघ आहे.

तिच्या पलीकडे इंद्रजित उभा आहे, खांद्याला बुटांची पिशवी. सेक्रेटरींनी सर्टिफिकेट आणायला पाठवलंय, म्हणतो, आणि पाणी ओलांडायला पाय उचलतो.

"तिथंच थांब," मी म्हणते. माझा आवाज मलाच अनोळखी वाटतो. "इंद्रजित, तू खेळणार नाहीस. रविवारी नाही, आणि त्यानंतरही नाही."