माळावरचं ऊन, वाळवंटातलं ऊन

निलंग्याच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली तशी अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल खिडकीतून आत टाकला आणि माझ्यासाठी जागा धरली. तिकडं जाऊ नको म्हणून आठवडाभर घर डोक्यावर घेतलेला माणूस, पण पोरीला उभ्यानं जावं लागू नये म्हणून सगळ्यांच्या पुढं धावला. मी आत जाऊन बसले. अप्पा खिडकीखाली उभे राहिले आणि शेवटचा वार केलाच. "ऊन खायला इतक्या लांब चाललीस व्हय पोरी? ऊन तर आपल्या माळावर बी फुकट पडून राहिलंय."

माय म्हणाली, "जाऊ द्या की आता. गाडी निघाली." मग मला म्हणाली, "धपाटे आजच खा, उद्या वातड होतील."

मी नांदेडला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करून राजस्थानात सोलर पार्कच्या कामावर निघाले होते. आमच्या भागातली पोरगी शिकली की शिक्षिका होते, नाहीतर पुण्याला संगणकापुढं बसते. वाळवंटात जाते म्हटल्यावर भावकीनं काय काय तर्क केले ते सांगत नाही, अजून त्यांच्यात लग्नकार्याला जावं लागतं. गाडी औसा ओलांडून गेल्यावर कळलं की अप्पांचा टॉवेल माझ्याच मांडीवर राहिला आहे. तेव्हा मात्र रडू आलं, खोटं कशाला बोलू.

गावाकडच्या माणसांनो, आणि माझ्यासारखं बॅग उचलून निघालेल्यांनो, हे तुम्हां दोघांसाठी लिहितेय. गावाला वाटतं पोरं तिकडं मजेत आहेत. पोरांना वाटतं गाव आपण सोडलं तसंच जागच्या जागी थांबलंय. दोघांचंही चुकतं.

तिकडं पोचले आणि पहिल्याच वावटळीत अप्पांचा टॉवेल तोंडाला गुंडाळावा लागला. वाळू दातात, वाळू डाळीत, वाळू अंथरुणात. आणि हीच वाळू पॅनेलवर बसली की वीज घटायची. पाणी प्यायलाच जिथं टँकरनं येतं, तिथं पॅनेल धुणार कशानं? मग रात्री कोरडे ब्रश फिरवणारी यंत्रं आली. मी गेले तेव्हा आमचा प्लँट म्हणजे मोकळ्या रानात एक निळा तुकडा होता. बघता बघता शेजारी दुसरा आला, तिसरा आला, आणि एके दिवशी पाण्याच्या टाकीवर चढून पाहिलं तर नजर पोचेल तिथवर पॅनेलच पॅनेल. ह्यात आपल्या हातानं घट्ट केलेले बोल्ट आहेत ह्या विचारानं माझी छाती अशी फुगली, की खाली उतरताना शिडीची पायरी चुकले.

तिथं मला किनवटची शोभा भेटली. जंगलातल्या गावात जन्मलेली, आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेली आणि आता कंट्रोल रूममध्ये भल्या मोठ्या पडद्यापुढं बसणारी. कुठल्या प्लँटची कुठली ओळ किती वीज देते ते तिला बसल्या जागी दिसतं. आम्ही दोघी मराठीत भांडायला लागलो की बाकीचे चहाला निघून जायचे.

आता देशाचं सोलर किती वाढलं हे तुम्ही बातम्यांत ऐकताच. त्यातली मेख मी सांगते. भर दुपारी, ऊन रणरणत असताना, वरून फोन यायचा, निर्मिती कमी करा. का? तर वीज वाहून नेणारी मोठी लाईन अजून पुरी झालेली नाही. खळ्यात रास पडलीय आणि भरायला पोती नाहीत, अशी गत. शोभा तो फोन ठेवायची आणि तिला येतात तेवढ्या सगळ्या भाषांत शिव्या घालायची. टेंडर मिळावं म्हणून लोक दर एवढे खाली आणायचे, की पुढं काम करताना लोखंडात काटकसर. पॅनेल परदेशातून यायचे आणि बंदरातच अडकून पडायचे. आता आपल्याकडं कारखाने झालेत. आपल्या देशात बनलेल्या पॅनेलचं पहिलं खोकं मी स्वतः फोडलं आणि त्यावरचा पुठ्ठा फेकवेना म्हणून खोलीत लावून ठेवला. आतला सेल अजून बराचसा बाहेरून येतो हेही खरं. हत्ती गेला, शेपूट राहिलंय. तेही जाईल.

एक गोष्ट मात्र मला टोचायची. एकदा एक म्हातारा मेंढपाळ कुंपणापाशी आला आणि म्हणाला, बेटी, आता मेंढरं कुठून न्यायची? मी हात करून कुंपणाच्या पार टोकाचा वळसा दाखवला. कुंपणाची रेघ कंपनीच्या दिल्लीतल्या ऑफिसात बसून कागदावर मारलेली होती. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात ना, ते मी उंटांच्या मुलखात बघितलं.

आणि तोच प्रश्न फिरून माझ्याच दारात आला. शेतीच्या मोटारींना दिवसा वीज मिळावी म्हणून गावोगावच्या सबस्टेशनजवळ छोटे सोलर प्लँट उभे करायचं ठरलं. आमच्याच कंपनीला निलंग्याकडचं काम मिळालं. मराठी येणारी म्हणून मला पाठवलं. सबस्टेशनला लागून सपाट, नापीक जमीन कुठली, तर आमचा माळ. माझ्या अप्पांचा. नुसता मुरूम, कुसळाशिवाय काही उगवत नाही.

दिवसाची वीज म्हणजे काय, हे शहरातल्यांना सांगून कळायचं नाही. आमच्याकडं मोटारीची पाळी रात्रीची. अप्पांनी सगळी उमर हातात बॅटरी घेऊन पाण्याची दारं धरली. दोनदा पायाजवळून साप गेला, आणि अप्पा घरी येईपर्यंत मायचा डोळा लागला नाही. शेजारपाजारचे सगळे एकच म्हणत होते, अप्पा माळ देतील तर आम्ही आमच्या बांधावरून लाईन जाऊ देऊ. म्हणजे सगळ्या गावाचं पाणी अप्पांच्या होकारावर अडलेलं.

आणि अप्पा म्हणाले, "माळ घ्या. पांडव न्हाई द्यायचो."

पांडव म्हणजे आमच्या माळाच्या कोपऱ्यातले चुन्यानं रंगवलेले पाच दगड. लातूरकडं येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, मोठी, दिवाळीपेक्षा मोठी. त्या अमावास्येला शहरातले रस्ते ओस पडतात, सगळी माणसं रानात. दगडांवर कडब्याची कोप उभी करायची, आत पूजा, मग भज्जी, उंडे, खीर आणि बिंदगीतली थंडगार, ताकातली आंबील. पळसाच्या डहाळीनं पिकावर आंबील शिंपत, "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत शेताला फेरी घालायची. दिवस कलला की कडब्याचा हेंडगा पेटवून पिकाभोवती पळवायचा. आमच्या घरात हे त्याच दगडांपाशी होत आलंय. आणि दिल्लीच्या नकाशात त्या दगडांवर पॅनेलची ओळ आली होती.

मी दिल्लीच्या साहेबांना फोन केला. दगड हलवा म्हणाले. अप्पांना विचारलं. म्हणाले, "तुझ्या साहेबाला म्हणावं, तू तुझी माय हलिव."

हे भाषांतर करून सांगण्यासारखं नव्हतं. मग मी साहेबांना विनवलं, कुंपणाला तेवढ्यापुरता बाक देऊ. ते म्हणाले, सरळ रेघ वाकडी कशाला करायची? शिवाय वाळका कडबा, पेटता हेंडगा आणि शेजारी आमच्या केबली, विमेवाले उभे करतील का? खरं सांगू, हेंडग्याच्या बाबतीत त्यांचं चुकत नव्हतं. मी कुणाच्या बाजूनं होते म्हणाल, तर दोन्ही बाजूंनी चिरडले जात होते. अप्पांनी माळ दिला नाही तर ते पुढंही अंधारातच पाणी देणार. आणि पांडव सोडून दिले, तर त्या मेंढपाळाला दिलं तेच उत्तर मी माझ्या बापाला देणार.

शेवटी मी नकाशा घेऊन दिल्ली गाठली. म्हटलं, ही ओळ काढा, त्या टोकाला अर्धी वाढवा, वीज जाईल ती चिमूटभर. पण हा माणूस नाही म्हणाला तर लाईन नाही, आणि लाईन नसेल तर सगळा प्लँट चुलीत. मी एवढ्या मोठ्यानं बोलले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. साहेबांनी पेन्सिल उचलली आणि ती ओळ खोडली. मग म्हणाले, त्या खाचेला नकाशात नाव काय देऊ? मी म्हटलं, येळवस.

एक घाव मात्र मला घालावाच लागला. हेंडगा माळाच्या बाजूनं फिरवायचा नाही. हे सांगितल्यावर अप्पांनी माळाकडं बघितलं. मग म्हणाले, "हेंडगा पिकाभोवती फिरवतेत. माळावर पीक कुठं हाय?" त्यांनी हसून सांगितलं, पण त्यांचं तोंड बघवत नव्हतं. मी घाईघाईनं म्हटलं, "आहे की अप्पा. पॅनेल म्हणजे पीकच. उन्हाचं." अप्पांनी मान हलवली आणि माळ दिला.

पुढचे महिने मी तिथंच उभी राहिले. मुरमात खांब घालताना यंत्राचे दात झिजले, अवकाळीत रस्ता वाहून गेला, तारा चोरीला गेल्या. पण गंगेत घोडं न्हालं. प्लँट चालू झाला त्या सकाळी अप्पा मोटारीच्या पेटीपाशी उभे होते. चटका बसेल असं भर ऊन आणि पाटात पाणी. अप्पांनी त्यात पाय बुडवले आणि उगाच उभे राहिले. माय मला म्हणाली, "बघ, लेकरावानी करायलेत."

मग आली येळवस. कुंपणाच्या बाकात कोप उभी राहिली, सगळं गाव जमलं. माझी तर मान ताठ. मी भज्जी वाढत होते तेवढ्यात राजस्थानातून शोभाचा फोन. तिच्या पडद्यावर आमचाही प्लँट दिसतो. म्हणाली, "काय गं, तुमच्या पहिल्या ओळीची वीज का घसरली? ढग आलाय का?" आभाळात ढग औषधाला नव्हता. मी वळून पाहिलं. अप्पा आणि त्यांच्यामागं अर्धं गाव कुंपणाला फेरी घालत होतं. डहाळ्या आंबिलीत बुडवत होते आणि जाळीवरून पॅनेलवर शिंपत होते. "ओलगे ओलगे सालम पोलगे!" काचेवर ताकाचे ओघळ आणि कोथिंबीर.

मी ओरडले, "अहो अप्पा, काय करायलात?"

"तूच म्हणालीस की, पीक हाय म्हून." आणि आणखी एक डहाळी शिंपली.

शोभाला सांगितलं, आंबील पडलीय. फोनवर ती एवढी हसली की तिच्या मागची माणसंही हसायला लागली. तिनं त्या दिवसाच्या नोंदीत कारण म्हणून आंबीलच लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी आणि अप्पांनी मिळून पॅनेल पुसले, त्या जुन्या टॉवेलनं. तो मी बॅगेतून परत आणला होता.

काम संपलं आणि मी पुन्हा वाळवंटात आले. आता इथं माझ्या हाताखाली माणसं आहेत, त्यांत गावाकडून आलेल्या दोन पोरीही आहेत. घर कुठं असं कुणी विचारलं की पूर्वी मी चटकन निलंगा म्हणायचे आणि मनात सुट्टीचे दिवस मोजायला लागायचे. आता तसं होत नाही. का, ते ह्या पावसाळ्यात कळलं.

दुपारची वेळ होती. इकडं ऊन कडकडीत. रखडलेली मोठी लाईन एकदाची सुरू झालीय, त्यामुळं कमी करा म्हणणारा फोनही आला नव्हता. फोन आला तो अप्पांचा. जेवलीस का, कधी येतीस, काही नाही. पाठीमागं मोटारीचा आवाज. सगळ्या देशाची तार एक झालीय, कुठली वीज कुठंही पोचते, असं मी त्यांना कोपीपाशी बसून समजावलं होतं. तेव्हा ते आंबील पीत नुसते हूं हूं करत होते.

"पोरी," अप्पा म्हणाले, "इकडं सकाळधरनं आभाळ भरलंय, थेंब न्हाई. माळ झोपलाय. पर मोटार चालू हाय बघ."

"मग चांगलंय की अप्पा."

"चांगलं हायच. तुझं ऊन आलंय इकडं. आजून लई सरी भिजवायच्या राहिल्यात, तवर बंद करू नको."

मी डोळे पुसत पॅनेलच्या ओळींकडं बघितलं. म्हटलं, "नाही करत, अप्पा. द्या पाणी."